नवीन बॉडी घ्यावी की आधी फ्लॅशचं बघावं? (भर उन्हातले पोर्ट्रेट, खालचा अंधारा पट्टा, सिंक स्पीड)

सावलीतली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, थोडा लांबलाय, सांभाळून घ्या.

माझ्याकडे निकॉन डी७५० कॅमेरा आहे, २०१४ सालचं मॉडेल, त्यावर ८५ मिमीची एफ/१.८ लेन्स आणि एक गोडॉक्स टीटी६०० फ्लॅश. कामं दोनच प्रकारची करते, एक म्हणजे बाहेर मोकळ्यावर माणसांचे पोर्ट्रेट आणि दुसरं म्हणजे मैत्रिणीच्या नृत्याच्या ग्रुपचे हॉलमधले फोटो. बाहेरच्या कामाला लोकांना वेळ नेमका दुपारचाच असतो, त्यामुळे डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, म्हणून फ्लॅश मारायला जाते तर दोन्हीकडून अडकते. शटर १/२०० सेकंदावर ठेवलं आणि लेन्स उघडी ठेवली की फोटो पांढराफटक, आणि शटर १/१००० केलं की फ्रेमच्या खालच्या भागात फ्लॅशचा उजेडच येत नाही, सरळ रेघ मारल्यासारखा अंधारा पट्टा दिसतो. उभ्या फ्रेमला तोच पट्टा बाजूला येतो. एका काकूंचा फार छान हसतानाचा फोटो असा वाया गेला, गळ्यापर्यंत नीट आणि खाली साडीवर अंधार, तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये.

आता सगळीकडे वाचते की सोनी ए९-थ्रीमध्ये ग्लोबल शटर आलंय, त्यात कितीही शटर स्पीडला फ्लॅश चालतो. निकॉनच्या झेड८ मध्ये तर मेकॅनिकल शटरच काढून टाकलंय. म्हणजे नवीन बॉडी घेतली की हा प्रश्न मिटेल का? की आहे त्याच बॉडीवर एखादा मोठा पोर्टेबल फ्लॅश घेऊ, एडी२०० सारखा? पैसे साठवून ठेवलेत पण दोन्ही एकदम जमणार नाही, म्हणून अनुभवी लोकांना विचारतेय.

जुनाशटर

ताई, आधी तो पट्टा का येतो ते सांगतो, कारण ते एकदा डोक्यात बसलं की काय घ्यायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

तुमच्या कॅमेऱ्यात शटर म्हणजे दोन पडदे. पहिला सेन्सर उघडा करत जातो, दुसरा मागून झाकत येतो. डी७५० ला साधारण १/२०० पर्यंत असा एक क्षण मिळतो की पहिला पडदा पूर्ण गेलाय आणि दुसरा अजून निघालेला नाही, सेन्सर अख्खा उघडा, आणि फ्लॅश त्याच क्षणी उडतो. ही १/२०० ची मर्यादा म्हणजेच सिंक स्पीड. त्याच्यापुढे गेलात की पहिला पोचायच्या आत दुसरा निघालेला असतो, म्हणजे फ्लॅश उडतो तेव्हा काही भाग झाकलेला. सेन्सरवर चित्र उलटं पडतं, म्हणून वरून आलेला पडदा फोटोत खाली दिसतो. आणि उन्हात तो पट्टा पूर्ण काळा नसतो हे तुम्ही पाहिलं असेलच, तिथे ऊन पोचलेलं असतं, फक्त फ्लॅश नसतो. घरात अंधारात करून बघा, ठार काळा येईल. टीटी६०० ला मधला एकच पिन आहे, त्यामुळे कॅमेऱ्याला वर फ्लॅश बसलाय हे कळतच नाही, म्हणून तो तुम्हाला १/१००० वर जाऊ देतो. निकॉनचा स्वतःचा फ्लॅश असता तर आपोआप सिंक स्पीडला अडवलं असतं.

आता गणित. स्वच्छ ऊन, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, तर अॅपर्चर एफ १६ ला साधारण १/१०० लागतं (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं भोक लहान). १/२०० ला एफ ११. तिथून एकेक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) उघडत या, एफ २.८ ला १/३२०० आणि एफ १.८ ला १/८००० च्या आसपास. तुमची बॉडी १/४००० ला थांबते. म्हणजे भर उन्हात एफ १.८ चा फोटो आयएसओ १०० वर फ्लॅश नसतानाही ओव्हरच जाणार, त्यात फ्लॅशचा काही दोष नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि हे मला कळायला फार वर्षं लागली: सिंक स्पीडच्या आत असताना अॅपर्चर, आयएसओ आणि एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची गडद काच) हे तिन्ही ऊन आणि फ्लॅश दोघांनाही सारखंच कमीजास्त करतात. दोघांमधलं प्रमाण बदलायचं तर शटर बदला, फ्लॅशची पॉवर बदला, फ्लॅश जवळ आणा, नाहीतर माणसाला सावलीत न्या. एवढेच उपाय.

सिंक स्पीडच्या पुढे फ्लॅश चालवायचा एक मार्ग आहे, हायस्पीड सिंक. म्हणजे काय, तर पडद्यांमधली फट सेन्सरवरून सरकत जाते तेवढा सगळा वेळ फ्लॅश बारीक बारीक लपकत राहतो, जवळजवळ चालू दिव्यासारखा. पट्टा जातो, पण बहुतेक उजेड पडद्यावर आपटून फुकट जातो, सुरुवातीलाच दोनेक स्टॉप गेले समजा. आणि दिव्यासारखा झाल्यामुळे पुढे शटर वाढवाल तसा उन्हाबरोबर फ्लॅशही कमी होत जातो. छोट्या फ्लॅशवर छत्री लावून हे भर दुपारी करायला गेलात तर हाती काही लागत नाही.

तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे. बॉडी नको. टीटी६०० मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर आतच आहे, त्याला निकॉनवर चालणारा ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसून फ्लॅशला रेडिओने इशारा देणारा) घ्या, म्हणजे तो कॅमेऱ्यावरून उतरेल आणि हायस्पीड सिंकही मिळेल, कॅमेऱ्यावर लावून तो ते करत नाही. एक स्टँड, फ्लॅशचा उजेड मऊ करायला एक साधी पांढरी छत्री, एक चांगला ५ स्टॉपचा एनडी. एनडी लावला की १/२०० वर एफ २ पर्यंत जाता येतं आणि फ्लॅशची पूर्ण ताकद शाबूत राहते, हायस्पीड सिंकसारखी गळत नाही. फक्त डीएसएलआर आहे, व्ह्यूफाइंडर अंधारा होतो आणि फोकस चाचपडतो, तेव्हा फोकस आधी करून घ्यायची सवय लावा. हे सगळं वापरून अपुरं वाटलं तर मग एडी२००. तो २०० वॉट-सेकंदाचा (एका चमकेत किती वीज ओततो त्याचं माप), कॅमेऱ्यावर बसणारे चांगले फ्लॅश साधारण ७५ च्या आसपास, म्हणजे फरक दीड स्टॉपचा. जाहिरातीतला आकडा वाचून वाटतं त्यापेक्षा कमी, पण उन्हात तो दीड स्टॉप कामाला येतो.

रीडआउट

मी वर्षभर ए९-थ्री वापरतोय म्हणून थोडी दुसरी बाजू मांडतो, कारण जुनाशटर यांनी बॉडी एका वाक्यात निकालात काढली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये तो जाहीर झाला तेव्हा फुल फ्रेममध्ये ग्लोबल शटर असलेला तो पहिलाच कॅमेरा होता, सगळे पिक्सेल एकाच क्षणी वाचले जातात, पडदाच नाही, त्यामुळे पट्ट्याचा प्रश्नच नाही, कागदावर १/८०००० पर्यंत सिंक. खऱ्या कामात मी उन्हात १/१६०० किंवा १/२००० वर फ्लॅश वापरतो, १/२०० च्या तुलनेत आकाश तीन स्टॉप खाली येतं आणि चेहऱ्यावरचा फ्लॅश जवळजवळ तसाच राहतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा स्क्रीनवर बघतच राहिलो होतो, दुपारी दीड वाजताचं आकाश गर्द निळं आणि चेहरा एकदम मऊ.

पण जवळजवळ म्हणालो ते मुद्दाम. फ्लॅश म्हणजे एका क्षणात संपणारी गोष्ट नाही. फुल पॉवरला तो पेटून विझेपर्यंत साधारण १/२५० सेकंद जातात, कमी पॉवरला लवकर तोडला जातो म्हणून खूपच छोटा. म्हणजे १/४००० वर फुल पॉवर मारली तर त्या उजेडाचा एक तुकडाच फोटोत येतो, बाकीचा शटर बंद झाल्यावर उडतो. पाव पॉवर किंवा खाली गेलं की फायदा खरा दिसतो. रेडिओ ट्रिगरला थोडी दिरंगाई असते, ती जुळवायला कॅमेऱ्यात फ्लॅश टायमिंगची सेटिंग दिली आहे, तिच्याशी बराच वेळ खेळावं लागलं. शिवाय बेस आयएसओ, म्हणजे नेहमीचा सगळ्यात कमी, २५० आहे, १०० नाही.

आणि ताई, झेड८ बद्दल तुमचा गैरसमज होतोय. मेकॅनिकल शटर नाही म्हणजे ग्लोबल शटर नव्हे! झेड९ (२०२१) आणि झेड८ (२०२३) हे सेन्सर फार वेगाने वाचतात, पण ओळीओळीनेच, त्यामुळे त्यांचा सिंक १/२०० आहे, फ्लॅशची पोच कमी करून १/२५०, म्हणजे तुमच्या डी७५० इतकाच. ज्यांचे सेन्सर सावकाश वाचतात आणि मेकॅनिकल शटरही नाही त्यांचं तर अजूनच अवघड. सिग्मा एफपी (२०१९) चा सिंक १/३०, आणि १४ बिट रॉ (जास्त तपशिलाची कच्ची फाइल) घेतलं तर १/१५. पॅनासॉनिक एस९ (मे २०२४) ला वरती नुसती खाच आहे, आत विजेचे पिनच नाहीत, फ्लॅश बसेल पण उडणार नाही. नवीन बॉडी रिलीज झाली की सगळे मेगापिक्सेल आणि फ्रेम्स बघतात, आपल्यासारख्यांनी आधी स्पेसिफिकेशनमध्ये फ्लॅश सिंकची ओळ शोधावी, मेकॅनिकलला किती आणि इलेक्ट्रॉनिकला किती हे दोन्ही.

गंमत अशी की २००४ ची निकॉन डी७०, सहा मेगापिक्सेलची, ती १/५०० ला सिंक व्हायची, कारण तिच्या सीसीडी सेन्सरला वरच्या स्पीडला एक्स्पोजर स्वतः सुरू-बंद करता यायचं. साधा एका पिनचा फ्लॅश लावला तर त्याच्याही पुढे जायची. फुजीच्या एक्स१०० मालिकेत लेन्समध्येच मधून उघडमीट होणारं लीफ शटर आहे, तिथेही हा त्रास नाही, आणि एनडी आतच दिलेला आहे, मूळच्या २०११ च्या मॉडेलला ३ स्टॉपचा आणि एक्स१००व्ही पासून ४ स्टॉपचा. पण लेन्स एकच, २३ मिमी, तुमचं ८५ चं काम त्यावर होणार नाही.

हे सगळं सांगून शेवटी तुमच्या कामाला मीही जुनाशटर यांच्याच बाजूने आहे. एनडी आणि फ्लॅश आधी.

पायवाट

मधेच विचारतो, माफ करा. माझ्याकडे कॅनन १५००डी आहे आणि मित्राचा हाच टीटी६०० लावून पाहिला तर अजिबात उडत नाही. टेस्ट बटणावर उडतो, क्लिक केल्यावर नाही. फ्लॅश खराब की कॅमेरा?

जुनाशटर

दोन्ही ठणठणीत आहेत. कॅमेऱ्यावरची खाच नीट बघा, मधला मोठा गोल पिन नाहीये. १५००डी, जो काही देशांत २०००डी म्हणून येतो, आणि नंतरचा २००डी मार्क २ म्हणजेच २५०डी, यांच्यातून कॅननने तो काढून टाकला. जगभरातले साधे मॅन्युअल फ्लॅश त्याच एका पिनवर चालतात, त्यामुळे तुमचा कॅमेरा त्याला सांगूच शकत नाही की उड. हे मला अजिबात पटलेलं नाही, शिकणाऱ्या माणसाचा कॅमेरा हा, त्याचाच स्वस्तातला रस्ता बंद केला. कॅननच्या स्वतःच्या स्पीडलाइट चालतात कारण त्या बाजूच्या बारीक पिनांवरून बोलतात.

फुकटातला उपाय आहे. टीटी६०० ला एस१ आणि एस२ असे ऑप्टिकल स्लेव्ह मोड आहेत, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशची चमक बघून तो उडतो. कॅमेऱ्याचा आतला छोटा फ्लॅश उघडा, टीटी६०० बाजूला ठेवून एस२ वर टाका, म्हणजे आधीची मोजमापाची चमक तो सोडून देईल आणि खऱ्या चमकेला उडेल. एस१ वर ठेवलात तर आधीच उडून मोकळा होईल आणि फोटोत काहीच येणार नाही. घरात उत्तम चालतं, उन्हात भरवसा नाही.

रंगमंच

सावलीतली, तुझ्या हॉलच्या कामाबद्दल कुणी काहीच बोललं नाही म्हणून लिहितेय, मी नाटक आणि नृत्याचंच शूट करते.

नाच चालू असताना फ्लॅश मारू नकोस, नाचणाऱ्याच्या डोळ्यावर येतो आणि गिरकीत तोल जाऊ शकतो, शिवाय लाइट डिझाइन केलेल्या माणसाची सगळी मेहनत धुवून निघते. तिथे तुझा डी७५० आयएसओ ३२०० ला मस्त चालतो, नव्या बॉडीची गरज तिथेही नाही. फ्लॅश ठेव ग्रुप फोटोसाठी आणि मेकअप रूमसाठी. मेकअप रूममध्ये फ्लॅशचं तोंड कधीच समोर नको, मागच्या पांढऱ्या भिंतीच्या आणि छताच्या कोपऱ्यात वळव, मग उजेड अख्ख्या भिंतीवरून परत येतो, खिडकीसारखा. भिंत रंगीत असेल तर चेहऱ्यावर तोच रंग चढतो, हिरव्या भिंतीच्या खोलीत मी एकदा पूर्ण सेट घालवलाय.

हॉलचे दिवे पिवळे असतील तर फ्लॅशला नारंगी सीटीओ जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लाव. फ्लॅश साधारण ५५०० केल्विनचा (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळा), बल्ब ३००० च्या आसपास, जेल नसेल तर माणसं निळसर नाहीतर मागचं सगळं केशरी, दोन्ही एकदम सुधारता येत नाही.

सेलबद्दल. टीटी६०० ला चार डबल ए लागतात, साधे अल्कलाइन नको, एनिलूपसारखे, पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे रिचार्जेबल (NiMH) घे, दोन संच. फुल पॉवरला सारखे मारत राहिलीस तर फ्लॅश तापून मंद होतो, म्हणून मी आयएसओ ४०० ते ८०० ठेवते आणि फ्लॅश १/८ किंवा १/१६ वर, लगेच परत भरतो आणि सेलही संध्याकाळभर टिकतात. आणि फ्लॅश महिनोन्महिने कपाटात ठेवू नकोस, अधूनमधून सेल घालून चार-पाच वेळा उडव, आतला कपॅसिटर नुसता पडून राहिला की सुस्तावतो. उघडायचा प्रयत्न मात्र कधीच नको, सेल काढल्यावरही आत तीनशे व्होल्ट शिल्लक असू शकतात.

आणि बाहेर छत्री लावणार असशील तर वाळूची पिशवी आधी, छत्री नंतर. माझा स्टँड एका झुळकेत आडवा झाला होता, मी फक्त लेन्स बदलायला वळले होते, छत्री म्हणजे शीडच ते. फ्लॅशचा पाय तुटला, नशिबाने शेजारी कुणी मूल नव्हतं. तेव्हापासून पिशवी नसेल तर छत्री उघडतच नाही, कुणाला तरी स्टँड धरायला लावते.

चालूदिवा

एवढं सगळं करण्यापेक्षा ६० वॉटचा एलईडी घेतला तर? जे दिसतं तेच फोटोत येतं, सिंक नाही, ट्रिगर नाही, व्हिडिओही होतो.

जुनाशटर

घरात, लहान बाळासाठी किंवा व्हिडिओला जरूर घ्या, मीही वापरतो. पण उन्हाशी तो लढू शकत नाही. ६० वॉटचा दिवा १/२०० सेकंदात ०.३ वॉट-सेकंद इतकीच वीज वापरतो. ६० वॉट-सेकंदाचा फ्लॅश तेवढ्याच वेळात सगळेच्या सगळे ६० ओततो. दोनशे पट झाले. एलईडी तेवढ्याच विजेत फ्लॅशपेक्षा जास्त उजेड देतो म्हणून थोडं कमी धरा, तरी सहा-सात स्टॉपचा फरक उरतोच.

सावलीतली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

मैत्रिणीचा ट्रिगर दोन दिवसांसाठी मिळाला म्हणून लगेच करून पाहिलं, ते सांगते. दुपारी एक वाजता, भाऊ मॉडेल. आधी त्याला उन्हात उभं केलं, १/२००, एफ ११, आयएसओ १००, फ्लॅश छत्रीतून फुल पॉवर, काहीच फरक पडेना, छत्री पार डोक्याशी आणली तेव्हा कुठे डोळ्यांखालची सावली जरा भरली. मग त्याला झाडाच्या सावलीत घेतलं, मागे ऊन पडलेलं मैदान. तेच सेटिंग, छत्री तोंडापासून हातभर अंतरावर, अर्धी पॉवर, आणि एकदम जमलं!! मागचं मैदान नीट, चेहरा नीट, डोळ्यात छत्रीचा पांढरा गोल. मग एनडी नाही म्हणून हायस्पीड सिंक लावून एफ २.८ वर १/३२०० केलं, पट्टा नाही आला पण फुल पॉवर करूनही चेहरा अंधाराच राहिला, जुनाशटर दादा म्हणाले तेच, उजेड गळतो. सेलही भराभर तापले.

तर बॉडीचा विचार बाजूला ठेवलाय. ट्रिगर, छत्री, एनडी आणि वाळूची पिशवी अशी यादी केली आहे. एकच शंका, ५ स्टॉपचा एकच फिल्टर घेऊ की कमीजास्त करता येणारा व्हेरिएबल?

रीडआउट

एकच घ्या, ठरावीक ५ स्टॉपचा. व्हेरिएबल म्हणजे एकावर एक दोन पोलरायझर (एकाच दिशेचा उजेड आत सोडणाऱ्या काचा), फार गडद केला की आकाशात काळसर फुली दिसायला लागते, वाइड लेन्सला जास्तच, आणि पोलरायझर असल्यामुळे त्वचेवरची चमकही कमीजास्त होत राहते, एका फोटोत एक आणि दुसऱ्यात दुसरी. घेतलात की फ्लॅश न लावता एक फोटो फिल्टरशिवाय आणि एक फिल्टरसह काढून रंग पडताळा, काही फिल्टर थोडे तपकिरी किंवा हिरवट असतात, तसा निघाला तर त्याच फिल्टरमधून व्हाइट बॅलन्स सेट करून ठेवा.

रंगमंच

आणि भावाचा तो झाडाखालचा फोटो टाक ना इथे, बघायचाय.